दोन घरं खाली

डावा पाय

"शरयूबाई, कुठं आहात?"

"पेटीच्या पोटात."

"जिवंत?"

"अजून तरी."

अण्णा बिरनाळे हसले असणार. मला दिसत नव्हतं. ऑर्गनची मागची फळी काढून मी जमिनीवर पालथी पडले होते. डोकं आत, दोन्ही हात आत, कपाळाला रुमालानं बॅटरी बांधलेली. आतून समोरचे अण्णा म्हणजे फक्त चपला आणि धोतराचा काठ.

"अण्णा, सापडलाच आहात तर बोलून घेते. हा कार्यक्रम झाला की मी मोकळी. मागच्याही वर्षी सांगितलं होतं."

"मोकळी म्हणजे काय हो? तुम्हाला कुणी बांधून घातलंय?"

"मग किल्ली कुणाला देऊ?"

"कुठली किल्ली?"

"हॉलची."

"ठेवा की. कुणाजवळ तरी असायला पाहिजेच."

आमचं बोलणं दर वेळी इथवर यायचं आणि इथंच मरायचं.

संगीत नाटक ऑर्गन जतन मंडळ, अण्णांचं. मी तिथं सासऱ्यांचा ऑर्गन द्यायला गेले होते, एवढंच. घरात जागा नव्हती, भंगारात घालवत नव्हता. हातगाडीवरून पेटी नेली, उतरवली, आणि अण्णांनी विचारलं, "वाजते का?" मी बसून दोन ओळी वाजवून दाखवल्या. त्या दिवशी पेटीबरोबर मीही जमा झाले.

कारण पेटी नुसती ठेवून जतन होत नाही. पायानं भाता मारून तिच्यात हवा खेळवावी लागते. नाहीतर कातडं आखडतं, सुरांवर धूळ धरते, उंदीर संसार मांडतात. म्हणून दर आठवड्याला हॉलमधल्या सगळ्या पेट्यांवर एकेकदा बसायचं, एक पाय खाली, मग दुसरा, मग पहिला. थांबलात की सूर गेला. मंडळाचे सभासद पुष्कळ, पण गुडघे चांगले असलेली मी एकटी. शाळेत विज्ञान शिकवायचं, घरी स्वयंपाक, आणि आठवड्याच्या सुट्टीला भाता. सुट्टी म्हणजे माझी नव्हे, मागांची. आमचा हॉल इचलकरंजीतल्या एका जुन्या सूतगोदामाचा अर्धा भाग होता आणि पलीकडच्या अर्ध्यात अण्णांच्या धाकट्या भावाचे, जिनगोंडांचे, माग. ते बंद असतील त्याच दिवशी आम्हाला काही ऐकू यायचं.

उजवा पाय

त्या दिवशी मी जिच्या पोटात होते ती मानेमास्तरांची पेटी.

मास्तर जाऊन दोन वर्षं झाली होती. जन्मभर त्यांनी एकाच गायिकेला साथ केली, गोदूताई कांबीकरांना. नाटक कंपनी होती तोवर कंपनीत, कंपनी बुडाल्यावर आमच्या मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात. मास्तर हयात असताना त्यांच्या पेटीला कुणी हात लावायचा नाही. एकदा मी कौतुकानं झाकण उघडायला गेले तर माझ्या बोटांवर झाकण आदळलं. "लागलं का?" असंही त्यांनी विचारलं नाही. ताप असो, घरात मयत असो, मास्तरांनी एकही कार्यक्रम चुकवला नाही. लोक म्हणायचे, काय निष्ठा!

ते गेल्यावर ते स्टूल माझ्याकडे आलं. पेटी आतून धुळीनं दबली होती. म्हणून या वर्षी कार्यक्रमाआधी मी ती उघडली.

ऑर्गनच्या आत प्रत्येक पट्टीखाली एक लाकडी खाच असते. तिला घर म्हणायचं. त्या घरात एक पितळी पात्याचा सूर बसतो. आकड्यानं ओढला की बाटलीतून बूच निघावं तसा बाहेर येतो. ही पेटी परदेशी बनावटीची होती आणि प्रत्येक सुराच्या टाचेवर त्याचं अक्षर ठोकलेलं होतं. कुणी कुठं राहायचं हे कारखान्यातच ठरलेलं.

आणि एकही जण आपल्या घरात नव्हता.

काळी चारच्या घरात काळी तीनचा सूर. पांढरी पाचच्या घरात पांढरी चारचा. सगळी रांग दोन घरं सरकलेली, म्हणजे प्रत्येक पट्टी दोन सूर खाली वाजणारी. डाव्या टोकाची दोन घरं बोळे कोंबून बंद केलेली. त्या पट्ट्या मुक्या आहेत हे मला ठाऊक होतं, पण तिकडे कुणाचा हात जातच नाही म्हणून सोडून दिलं होतं. उजव्या टोकाचे दोन चिमुकले सूर जागा न मिळून एका काड्यापेटीत, कापसात गुंडाळून.

मला वाटलं, म्हातारपणी मास्तरांची नजर गेली. धुताना रांग चुकली बिचाऱ्यांची.

मी विज्ञानाची बाई. सगळे सूर काढले, ब्रशनं झाडले, अक्षर वाचून ज्याला त्याच्या घरी नेऊन बसवलं. शेवटचा चिमुकला आत गेला तेव्हा टक् असा आवाज झाला. मी उठले, स्टुलावर बसले, काळी चार दाबली, चौथी काळी पट्टी, गोदूताईंचा ठरलेला सूर.

काय लखलखीत लागली! मास्तरांच्या पेटीचा आवाज नेहमी थोडा झोपाळू वाटायचा. आता ती डोळे चोळून उठली होती. मी अण्णांना हाक मारली, "ऐका, ऐका. हिला म्हणतात जतन!"

"वा!" अण्णा म्हणाले आणि चहा सांगायला गेले.

पुन्हा डावा

मीरासाहेब मुजावर आले, गोदूताईंचे तबलजी. बसले, तोंड भरून पान, हातोडी काढली. त्यांचा तबला रुंद तोंडाचा, नाट्यगीताला एवढा मोठा तबला मी दुसऱ्या कुणाकडे पाहिला नव्हता.

"द्या बाई काळी चार."

मी दिली. त्यांनी थाप मारली, ऐकली, तबल्याच्या वादीखालचा लाकडी गठ्ठा ठोकला. पुन्हा थाप. पुन्हा ठोकला. कपाळाला घाम आला. मग हात थांबले. त्यांनी उठून दारातून पान थुंकलं, परत येऊन बसले आणि अगदी हळू विचारलं, "पेटी कुणी उघडली?"

"मी. सगळे सूर चुकीच्या घरात होते. नीट लावले."

"नीट लावले."

"अक्षरं आहेत ना त्यांच्यावर."

"अक्षरं आहेत." त्यांनी हातोडी खाली ठेवली. "बाई, माझ्या तबल्याची पुडी फाटायची वेळ आणलीत. ते सोडा. ताईंचा गळा फाटंल."

"म्हणजे?"

"मास्तरची नजर अखेरपर्यंत सुईत दोरा ओवण्याजोगी होती."

मग त्यांनी सांगितलं ते असं. गोदूताईंच्या साठीला मोठा सत्कार झाला होता. भर रंगमंचावर ताई म्हणाल्या, ज्या दिवशी माझी काळी चार लागणार नाही, त्या दिवशी मी रंग पुसला. टाळ्या कडाडल्या. आणि पुढच्याच वर्षी तालमीत आवाज वर जाईना.

"ताई म्हणाल्या, सर्दी आहे. मास्तर म्हणाले, हो, सर्दी आहे. मला बाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, मीरा, गळा संपला. सांगणार कोण? रात्रीत पेटी उघडून सगळे सूर एक घर सरकवले. दुसऱ्या दिवशी ताईंनी काळी चार मागितली, मास्तरनं काळी चारची पट्टी दाबली, वाजली पांढरी पाच, एक घर खालची. ताई गायल्या. म्हणाल्या, गेली बघा सर्दी."

"आणि नंतर?"

"काही वर्षांनी परत सर्दी आली. मग दुसरं घर."

"त्यांना कळलं नाही?"

"पेटी देईल त्यात तंबोरा, तंबोरा देईल त्यात ताई, पेटी देईल त्यात मी. कोण कुणाला विचारणार? मी मोठा तबला करून घेतला आणि गप बसलो."

म्हणून मास्तरांना ताप आला तरी रजा नव्हती. दुसरा कुणी त्या स्टुलावर बसला तर दोन मिनिटांत ओळखेल. आणि दोन वर्षं मी बसत होते, मला ओळखता आलं नव्हतं, कारण मी ती पेटी दुसऱ्या पेटीशी कधी ताडून पाहिलीच नव्हती; झोपाळू आवाज हा तिचा स्वभावच समजले होते.

चहा घेऊन अण्णा दारात उभे होते. किती वेळ, माहीत नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हणाले.

"मला कशाला ठाऊक असेल? मी माग चालवणारा माणूस." त्यांनी कप खाली ठेवला. "दोन घरं मागं घ्या, शरयूबाई. विषय संपला."

"अण्णा, ही फसवणूक आहे."

"हे छप्पर आहे." अण्णा कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही. "वडिलांनी मरताना जिनगोंडाकडून हातावर हात ठेवून वचन घेतलं. गोदूताई दरवर्षी इथं गातात तोवर गोदामाचा हा अर्धा भाग पेट्यांचा. गायचं थांबलं की मागांचा. जिनगोंडानं जागेची मापंसुद्धा घेऊन ठेवलीत. तुमच्या सासऱ्यांची पेटी परत न्यायला जागा झाली का घरात?"

झाली नव्हती.

उजवा, जड

मी सूर सरकवायच्या आधी ताईंकडे गेले. का गेले, मला तेव्हाही सांगता आलं नसतं. बहुतेक मला त्यांना एकदा बघायचं होतं, म्हणजे पेटी परत खोटी करायला हात धजावले असते.

ताई पलंगावर बसून गळ्याला लोकरीची पट्टी गुंडाळत होत्या. उन्हाळ्याचे दिवस, मला बसल्या जागी घाम फुटलेला.

"ये गं. पंखा लावू नको मात्र. चिंच-कैरीचं काही खाऊन आली नाहीस ना? वाससुद्धा नको मला."

"नाही, ताई."

"काल शेजारणीनं कैरीची डाळ आणली. दारातूनच परत पाठवली. रडले मग थोडी." त्या हसल्या. "वेडी म्हणशील. पण कळायला लागल्यापासून दही नाही, ताक नाही, बर्फाचं पाणी नाही. भाचीचं लग्न होतं मालवणात. गेले नाही, समुद्राची हवा बाधते. मुलगा म्हणतो इकडे ये, तिकडे थंडी. का? तर वर्षातून एक संध्याकाळ काळी चार लागली पाहिजे."

"तुम्ही थांबत का नाही?"

"कशी थांबू? शब्द दिलाय. लागणार नाही त्या दिवशी थांबेन म्हटलं. आणि मेली लागते! माझ्या बरोबरच्या सगळ्यांचे गळे गेले गं. कमलचा बसला, सुधा बोलते तर पत्रा वाजल्यासारखी. त्या मजेत लोणची खातात. दर वर्षी मी स्टेजवर जाताना म्हणते, देवा, या वर्षी तरी आवाज चिरू दे. नाही. मास्तर काळी चार द्यायचे, मी आपली जायचे वर. आता तू देतेस." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुझ्यावर राग नाही हो."

मी विज्ञानाची बाई आहे हे आधीच सांगितलंय. चुकीचं उत्तर समोर आलं की माझ्याच्यानं राहवत नाही. मी सगळं सांगून टाकलं. घरं, अक्षरं, काड्यापेटी, मोठा तबला, जिनगोंडांची मापं, कुणी परत घेत नसलेली हॉलची किल्लीसुद्धा.

ताईंनी गळ्याची पट्टी सोडली, परत गुंडाळली.

"पहिलं घर कधी?"

"सत्काराच्या पुढच्या वर्षी, म्हणतात."

"म्हणजे मी तेव्हाच सुटले होते."

"मास्तरांना तुमची..."

"माझी दया आली. येऊ दे. पण दाराला कडी लावली त्यांनी बाहेरून, आणि कडी लावलीय हेसुद्धा सांगितलं नाही. मी इतकी वर्षं आत बसून म्हणतेय, काय मजबूत घर आहे!"

 मग त्या एकदम कामाच्या आवाजात म्हणाल्या, "पेटी आत्ता खरी आहे?"

"हो. रविवारच्या कार्यक्रमाआधी मागं घ्यायला अण्णांनी सांगितलंय."

"घेऊ नको. तालमीला मी येणार नाही, घसा धरलाय म्हणून सांग. तालमीत चिरला तर अण्णा पाया पडेल, मीरा पाया पडेल, मी विरघळेन. स्टेजवरच चिरू दे, सगळ्यांदेखत. मग कुणाला बोलायला तोंड राहणार नाही."

"पण ताई, लोकांसमोर..."

"लोकांसमोरच दिलाय शब्द."

"आणि पेट्या?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "शरू, तुला किल्ली ठेवायचीय का अजून?"

दोन्ही पाय

रविवारी संध्याकाळी हॉल भरला. मागांना सुट्टी नव्हती, पण कार्यक्रमापुरते जिनगोंडा माग थांबवायचे. पहिल्या रांगेत ते स्वतः, छताकडे बघत.

अण्णा विंगेत आले. "मागं घेतलेत ना?"

"सगळे सूर आपापल्या घरी आहेत," मी म्हणाले. अण्णांना त्यातलं जे ऐकायचं होतं ते त्यांनी ऐकलं.

मीरासाहेब मात्र आले ते छोटा तबला घेऊन. जुना, कंपनीच्या काळातला, काठावर चांदीचा पत्रा. माझ्याशी बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "ताईंनी निरोप धाडला होता," आणि गवसणी सोडायला लागले. 

ताई नऊवारीत आल्या, गळा उघडा. मला सांगावंसं वाटलं, अजून वेळ आहे. त्या माझ्याकडे बघून अशा हसल्या, जशी शाळा सुटायच्या घंटेआधी मुलं हसतात.

"काळी चार," त्या म्हणाल्या.

मी पट्टी दाबली. डावा पाय, उजवा पाय. सूर हॉलभर उभा राहिला. अण्णा विंगेत ताठ झाले. त्यांना कळलं. माग चालवणाऱ्या माणसाला बरोबर कळलं.

ताईंनी सूर लावला.

ध्रुवपद मधल्या पट्टीतलं, ते निभणारच होतं. सगळं होतं ते अंतऱ्यात. तिथं ओळ पायऱ्या चढत वरच्या षड्जावर जाते आणि तिथंच उभी राहते. मी ताईंच्या पाठीकडे बघत भाता मारत होते. माझा एक पाय म्हणत होता चिरू दे, दुसरा म्हणत होता नको. दोन्हीही एकच हवा भरत होते.

ताई चढल्या. षड्ज लागला.

नुसता लागला नाही. तो तिथं होताच, त्या फक्त जाऊन भेटल्या. ताई थबकल्यासारख्या झाल्या. मला वाटतं त्यांनी तो सोडायचा प्रयत्न केला, कारण खांदे हलले. पण सूर सुटेना. त्यांनी वरचा गंधार घेतला, मुद्दाम, वेडावाकडा, अंगावर ओढवून घ्यावा तसा. तोही लागला.

हॉल उठला. "वन्स मोअर! वन्स मोअर!"

नाटकवाल्यांत वन्स मोअर नाकारत नाहीत. ताईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आता थकलाय गळा, आता जाईल, असं त्या नजरेत होतं. मी पुन्हा काळी चार दिली.

दुसऱ्या वेळेला पहिल्यापेक्षा चांगलं झालं.

जिनगोंडा बिरनाळे, ज्यांनी मापं घेऊन ठेवली होती, खुर्चीवर उभे राहून टाळ्या वाजवत होते. अण्णांनी माइक घेतला आणि गहिवरून सांगितलं की पुढच्या वर्षीही याच दिवशी, याच वेळी.

विंगेत ताई स्टुलावर बसल्या. मी पाणी दिलं. त्यांनी घेतलं नाही.

"मुद्दाम चुकवायचं होतंत, ताई," मी म्हणाले. "कुणाला कळलं नसतं."

"प्रयत्न केला की. नाही येत." त्यांचे डोळे भरले होते. आनंदानं नव्हे. "ते तेवढं कुणी शिकवलंच नाही."

मीरासाहेब तबल्यावर गवसणी चढवत होते. अर्ध्यातच थांबले. तोंड उघडं राहिलं.

"ताई," ते म्हणाले, "म्हणजे तेव्हा खरंच सर्दी होती की हो."

ताईंनी सावकाश मान वर केली.

"मी सांगत नव्हते?" त्या म्हणाल्या. "घसा फोडून सांगत होते, मीरा. सर्दी आहे, सर्दी आहे! दोघंही हो हो म्हणालात."

"आम्हाला वाटलं, तुम्ही झाकताय."

"आणि तुम्ही झाकलंत."

बाहेर लोक खुर्च्या सरकवत होते. पलीकडच्या अर्ध्यात कुणीतरी बटण दाबलं आणि एकेक करत माग सुरू झाले. जमीन हलायला लागली. बोलायचं तर ओरडावं लागत होतं.

ताई उठल्या. पदर खोचला, माझ्या कानाशी आल्या आणि ओरडल्या, "पुढच्या वर्षी काळी पाच दे!"

"ताई, आणखी वर?"

"कुठंतरी चिरेल ना मेला!"

"आणि तीही लागली तर?"

त्यांनी विचार केला. खरंच केला. मग वळून मीरासाहेबांना विचारलं, "याच्याहून लहान तबला आहे का हो तुमच्याकडे?"

"नाही," मीरासाहेब ओरडले. "करून घेतो!"